ब्लॉगचं नाव आणि सोमीआजीचं ‘नाई’

माझ्या टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही आहे. तिच्यात एक सोडून सगळी नापास झालेली नावं आहेत. त्याचं असं झालं, ब्रह्मपुरीत बसस्टँडच्या मागं आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, पुढं टायपिंगलाही कोणी येईना, तेव्हा मी छोट्या धंदेवाल्यांना ब्लॉग काढून द्यायला आणि तो चालवायला शिकवायला लागले. दर गुरुवारी बॅच असते. ब्लॉग काढायला अर्धा तास लागतो. त्याचं नाव ठरायला किती लागतो, ते मात्र विचारू नका! आज एक नाव पक्कं होतं, मी ते वहीत लिहिते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो, ‘मॅडम, ते कॅन्सल करा.’ नाव जातं आणि किस्सा माझ्याकडे राहतो. असं करत करत वही भरत आली.

माझी एक खोड आहे. मला नावापेक्षा त्याच्यामागचं कारण ऐकायला जास्त आवडतं. कोणी काहीही सांगितलं की मी विचारतेच, ‘काऊन?’ आमच्या भागात ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात. बॅचवाल्यांनी माझं नाव ‘काऊन मॅडम’ ठेवलं आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मला ठाऊक आहे.

*

या सगळ्या बॅचमध्ये मला सगळ्यात जास्त दमवलं ते कुसुमनं. खरं म्हणजे तिनं नाही, तिच्या गावानं.

कुसुम कुरखेड्याच्या पुढच्या जंगलातल्या एका लहान गावाची. दोन गाड्या बदलून यायची. गडचिरोलीत एका ऑफिसात डाटा एन्ट्रीची नोकरी करत होती, ती सोडून गावी परत आलेली. तिच्या गावातल्या बायका मोहफुलं, चारोळी, आवळा, मध असं सगळं गोळा करतात आणि आठवडी बाजारात व्यापारी म्हणेल त्या भावानं देऊन येतात. कुसुमनं या बायकांना एकत्र केलं. नागपूरच्या एका दुकानदाराला गाठून माल घ्यायला तयारही केलं. त्याची अट एकच होती. पाकिटावर लेबल हवं, आणि लेबलवर ब्लॉगचा पत्ता हवा, म्हणजे गिऱ्हाइकाला कळेल की हे कोणी वेचलं, कुठून आणलं. आणि मोहफुलं पडायला लागायच्या आत लेबल छापून तयार पाहिजे.

नाही झालं तर? तर बायका आपापलं टोपलं उचलून पुन्हा त्याच व्यापाऱ्याकडे जाणार, आणि परत कधी कुसुमचं ऐकणार नाहीत. घरी सासरे रोज ऐकवत होतेच, ‘नोकरी सोडून हेच कराचं होतं काय?’

मोहाला चार महिने होते. मी म्हटलं, ‘चार महिने कशाला? आज संध्याकाळपर्यंत नाव ठरवू.’

‘तसं नाई होत मॅडम,’ कुसुम म्हणाली. ‘आमच्या गावात हात वर करून ठरवत नाई. सगळे हो म्हणते तवाच ठरते.’

‘सगळे म्हणजे किती?’

‘सगळे म्हणजे सगळे.’

मी तिला सहा नावं लिहून दिली. पुढच्या गुरुवारी ती परत आली. एका नावाला सगळ्या बायका हो म्हणाल्या होत्या. फक्त सोमीआजी नाही म्हणाली. सोमीआजी म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई.

‘काऊन?’ मी विचारलं.

‘ते विचारत नाई.’

‘म्हणजे?’

‘जो नाई म्हणते, त्याले काऊन म्हणून विचारत नाई आमच्यात. विचारलं का माणूस दबते, आन मंग उगाच हो म्हणून टाकते. त्याले सांगाचं असन तर तो सांगन.’

मला सांगा, माझ्यासारख्या बाईनं यावर काय करायचं? मी वही उघडली, सहाही नावांवर काट मारली आणि गप्प बसले. आतून मात्र नुसती तडफड.

*

त्याच बॅचला विलासभाऊ होते. ताडोब्याच्या एका गेटजवळ त्यांचं घर आहे. घराच्या दोन खोल्या रंगवून होमस्टे काढला. आता त्या भागात फिरून या, प्रत्येक पाटीवर वाघ आहे. टायगर हे, टायगर ते. मला वाटलं विलासभाऊही तेच मागणार. ते म्हणाले, ‘मॅडम, नावात वाघ नाई पाह्यजे. ब्लॉगमंधीही कुठी लिहू नका.’

‘काऊन?’

‘आई म्हणते, घरात त्याचं नाव घ्याचं नाई. घेतलं का तो येते.’

मी म्हटलं, ‘अहो, मग पर्यटक त्याच्याचसाठी येतात ना! नाव घेतल्यानं येत असेल तर दिवसातून दहादा घ्या.’

विलासभाऊ शांतपणे म्हणाले, ‘पाहुण्यायले तो पाह्यजे मॅडम. आईले गोठ्यातल्या गाई पाह्यजे.’

त्यांच्या ब्लॉगचं नाव ‘पांदण’ ठेवलं. घरासमोरून शेताकडे जाणारी पांदण आहे, तिच्यावरून. त्या ब्लॉगवर मोर आहे, रानडुक्कर आहे, अस्वल आहे, चुलीवरची भाकर आहे. ज्याच्यासाठी लोक येतात तो कुठेच नाही. पाहुणे फोन करून विचारतात, ‘तिकडे वाघ दिसतो ना?’ विलासभाऊ सांगतात, ‘येऊन पाहा.’ तेवढं बोलून ते फोन ठेवतात, कारण शेजारी आई बसलेली असते.

कुसुमला हा किस्सा फार आवडला. आपल्या वाटेचंही नाव ठेवता येतं, असं तिनं ठरवलं आणि गावातल्या वाटा, नाले, टेकड्या यांची नावं लिहून घेऊन गेली. सगळ्या बायका हो म्हणाल्या. सोमीआजी नाई.

*

अर्चनाबाईंचा किस्सा छोटा आहे. नागभीडकडं त्यांचं शेळीपालन आहे. त्यांनी ब्लॉगला आपल्या सगळ्यात देखण्या शेळीचं नाव दिलं, ‘रूपा’. फोटोही तिचाच. तीन महिन्यांनी एकानं रूपालाच मागणी घातली, आणि भाव इतका चांगला आला की बाईंनी ती देऊन टाकली. त्यानंतर जो येईल तो म्हणायचा, ‘रूपा दाखवा.’

मी म्हटलं, नाव बदलून टाकू या. बाई म्हणाल्या, ‘कायले? आम्ही दुसरीले रूपा म्हणून राह्यलो ना.’

मागच्या महिन्यात त्या भेटल्या, तेव्हा चौथी रूपा चालू होती.

*

बल्लारपूरहून देवरावभाऊ गोंदियाच्या गाडीनं यायचे. उभा जन्म कागद कारखान्यात गेला. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून कापाकापीत उरलेल्या कागदाच्या वह्या बांधायला लागले. सुरेख वह्या! त्यांना ब्लॉग काढायचा होता. मी म्हटलं, ‘घरी बसून चाळीस नावं लिहून आणा, त्यातून निवडू.’

त्यांनी खरंच चाळीस नावं आणली. प्रत्येक नाव वेगळ्या कागदावर. चाळीस प्रकारचे कागद! टेबलावर मांडले आणि निवडायला बसले. एकेक उचलायचे, बोटांमध्ये धरायचे, कानाशी नेऊन हलवायचे, खिडकीकडे धरून बघायचे. काही डावीकडे, काही उजवीकडे. अर्ध्या तासानं एक कागद माझ्यापुढं ठेवला. ‘हे नाव एक नंबर आहे.’

मी वाचलं. त्यावर लिहिलं होतं, ‘नाव सुचले नाही’.

‘देवरावभाऊ, तुम्ही हे वाचलं का?’

‘वाचाचं मंग पाहू,’ ते म्हणाले. ‘पहिले हात तर लावून पाहा.’

मी हात लावला. कागद खरंच फार छान होता.

*

आता घनश्यामभाऊंचं बियाण्याचं दुकान. आमच्याकडे धान कापून झालं की नाटकांचा सीझन लागतो. वडशाहून कंपन्या निघतात, गावोगाव मंडप पडतात, माणसं पोतं आणि पांघरूण घेऊन जातात आणि पहाटेपर्यंत रडून, हसून परत येतात. घनश्यामभाऊंचा मेव्हणा या नाटकांची पोस्टरं रंगवतो. त्याला म्हटलं, ब्लॉगला जरा वजनदार नाव सांग. त्यानं सांगितलं, आणि बॅनरही करून दिला. लाल अक्षरं, मागं काळे ढग, कोपऱ्यात रडणारी बाई. नाव होतं, ‘बांधावर मोडलं वचन’!

आत धानाच्या वाणांची माहिती. पेरणी कधी, पाणी किती, रोवणी किती दिवसांनी.

दोन दिवसांत घनश्यामभाऊंचा फोन वाजायला लागला. ‘प्रयोग कुठी आहे?’ ‘हिरोईन कोण आहे?’ ‘लावणी आहे का?’ एका गावानं तर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या दिवसाची तारीखच मागितली. ‘कितीक कलाकार आणता?’ घनश्यामभाऊ घसा कोरडा करून सांगायचे, ‘बाप्पा, नाटक नाई, बियाणं आहे.’

मला वाईट वाटलं. म्हटलं, या, नाव बदलून देते. ते म्हणाले, ‘नोका बदलवू मॅडम. फोन तर येऊन राह्यले ना! काल सहा जणायनं नाटक विचारलं, त्यातले तिघं बियाणं घेऊन गेले.’

‘आणि उरलेले तिघं?’

‘ते नाराज झाले. म्हणे, जाहिरात एक करता आन विकता दुसरंच.’

कुसुम पोट धरून हसली. त्या दिवशी तिला हसताना पाहून मला बरं वाटलं, कारण तोवर तीन याद्या परत आल्या होत्या आणि मोहाची पानं झडायला सुरुवात झाली होती. दुकानदाराचा मेसेजही आला होता, ‘लेबलचं काय झालं?’ तिनं तो मला दाखवला आणि फोन उलटा करून ठेवला.

मी म्हटलं, ‘अगं, एक बाई नाही म्हणते म्हणून सगळं अडवायचं का? बाकीच्यांचं बहुमत आहे ना? छापून टाक.’

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच खाली बघितलं. म्हणाली, ‘मंग ते गावाचं नाव नाई होणार मॅडम. माहं होईन.’

*

प्रज्ञाचा किस्सा मी एरवी हसत सांगते, पण मधेच माझा आवाज बदलतो. प्रज्ञा ब्रह्मपुरीतच शिवणक्लास चालवते. तिच्या ब्लॉगचं नाव ठरवायला तिचे बाबा सोबत यायचे. एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले, पण खिशाला पेन तसाच. सकाळी विहारात जाऊन यायचे आणि मग माझ्याकडं.

प्रज्ञा एक नाव सांगायची. बाबा विचारायचे, ‘अर्थ काय?’ प्रज्ञा अर्थ सांगायची. बाबा म्हणायचे, ‘दुसरं सांग.’

मला तर माझाच भाऊ भेटल्यासारखं झालं. मी ‘काऊन’वाली, ते ‘अर्थ काय’वाले. पण तीन गुरुवार झाले, दोन पानं भरली, तेव्हा माझाही धीर सुटला. मी म्हटलं, ‘बाबा, शिवणक्लास आहे हो. नावाला किती अर्थ पाहिजे?’

ते म्हणाले, ‘माहं नाव माहीत आहे का मॅडम तुमाले?’

मला माहीत नव्हतं. सगळे त्यांना बाबाच म्हणायचे.

‘कचरू,’ ते म्हणाले. ‘शाळेत नाव टाकाले गेलो, तवा मास्तरनं विचारलं काय नाव, आन आज्यानं सांगतलं कचरू. साऱ्या वस्तीत अशेच नावं होते. कोणी अर्थ नाई विचारला. छप्पन सालच्या दीक्षेनंतर जे जन्मले त्यायचे नावं चांगले ठेवले आमच्या लोकायनं, पण आमच्या घरी मी त्याच्या थोडा पहिले आलो. म्हणून पोरीचं नाव ठेवतानी मी तीन दिवस पुस्तक पाह्यलं. तवापासून अर्थ विचारल्याबगर राहवत नाई.’

मला माझी लाज वाटली, हे सरळ सांगते.

प्रज्ञानं हळूच विचारलं, ‘धावदोरा?’

‘अर्थ काय?’

‘पक्की शिवण घालायच्या आधी जो कच्चा दोरा घालतात ना, तो. कापड हलू नाही म्हणून. मंग पक्की शिवण आली का तो काढून टाकते. दिसत नाई, पण त्याच्याबगर शिवण सरळ येत नाई.’

बाबा बराच वेळ खिशातल्या पेनाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, ‘हे लिहा मॅडम. आन चांगल्या अक्षरात लिहा.’

मी कॉम्प्युटरवर टाइप करणार होते, तरी आधी वहीत चांगल्या अक्षरात लिहिलं. त्या वहीत काट न मारलेलं ते पहिलं नाव.

*

त्याच्या पुढच्या गुरुवारी कुसुम आली आणि खुर्चीत बसून रडायलाच लागली. पाचवी यादीही परत आली होती. झाडांना मोहाच्या कळ्या धरल्या होत्या. दुकानदारानं शेवटचं कळवलं होतं, ‘येत्या सोमवारपर्यंत पत्ता द्या, नाहीतर यंदा राहू द्या.’ दोन बायका तर व्यापाऱ्याकडे बोलूनही आल्या होत्या.

मी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि शनिवारी सकाळी तिच्यासोबत गाडीत बसले. खरं सांगू? मदत करायची होती हे आहेच. पण त्या सोमीआजीला एकदा बघायचं होतं. चार महिने एक बाई नुसतं नाही म्हणते, आणि कारण कोणाला माहीत नाही! माझा जीव त्या कारणात अडकला होता. आणि विचारायची सोय नव्हती.

दुपारी पोहोचलो. गावाच्या मधोमध चिंचेचं मोठं झाड, त्याखाली चटया अंथरलेल्या. बायका गोल बसल्या होत्या. सोमीआजी लहानखुरी, हातभर गोंदण, केस कापसासारखे. मला बघून म्हणाली, ‘तूच का ते, काऊनवाली?’

कुसुमनं मान खाली घातली. म्हणजे माझी कीर्ती इथपर्यंत पोहोचली होती.

‘हो, मीच,’ मी म्हटलं.

‘मंग विचार ना.’

जिभेवर आलं होतं हो! पण मी म्हटलं, ‘तुमच्या गावात विचारत नाहीत म्हणे.’

आजी हसली. दात दोनच होते, पण हसली भरपूर. ‘शिकली वाटते,’ ती बाकीच्यांना म्हणाली. मग पाय दुमडून नीट बसली आणि आपणच बोलायला लागली.

‘तुमी नाव शोधून राह्यले. वहीत शोधता, मोबाईलात शोधता. नाव का हरवलं आहे, शोधाले? आमच्यात नाव बोलावते. लेकरू झालं, रडून राह्यलं, का त्याले मांडीवर घेते आन गेलेल्या माणसायचे नावं घेते, एकेक. ज्या नावाले लेकरू उगं होते, ते त्याचं नाव. ते माणूस वापस आलं म्हणते.’

हे बाकीच्या बायकांना माहीत होतंच. सगळ्यांची नावं तशीच ठेवलेली. कुसुमला मात्र राहवलं नाही. गावाचा नियम मोडून तिनं विचारलं, ‘आजी, मंग चार महिने काऊन नाई सांगतलं?’

‘मले नाव कोणं विचारलं?’ आजी म्हणाली. ‘तुमी तर आणाचे, आन विचाराचे, हो का नाई. मी नाई म्हणाची.’

मी लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. पाच याद्या आम्ही केल्या होत्या.

कुसुम म्हणाली, ‘पण आजी, हे लेकरू थोडंच आहे? ब्लॉग आहे.’

‘चार महिन्यापासून तुले रडवून राह्यलं ना?’ आजी म्हणाली. ‘मंग? काढ त्याले. ठेव मधात.’

लॅपटॉप चटईच्या मधोमध ठेवला. माझ्या मोबाईलचं इंटरनेट त्याला जोडलं. नेटवर्क म्हणजे एक काडी यायची आणि जायची. पत्त्याच्या चौकटीत कुसुम आजी सांगेल ते नाव टाकायची, पुढं गावाचं नाव, आणि बटण दाबायची. पत्ता मोकळा आहे की नाही, ते शोधत पडद्यावर छोटं चक्र गोल फिरत राहायचं.

आजीनं डोळे मिटले आणि पहिलं नाव घेतलं. ‘सुकरी.’

‘माही सासू,’ एक बाई म्हणाली. कुसुमनं टाइप केलं. गोल फिरत राहिलं. आजी थांबली, ऐकल्यासारखं केलं आणि पुढं गेली.

‘बुधनी.’

‘माही माय.’ गोल फिरत राहिलं.

‘झानो.’ ‘पुनई.’ ‘दशरी.’ प्रत्येक नावाला कोणीतरी ‘माही आत्या’, ‘माही आजी’ म्हणायचं. कुसुम टाइप करायची, आम्ही सगळ्या त्या फिरणाऱ्या चक्राकडं बघायचो, आणि काही व्हायचं नाही. किती नावं झाली मला आठवत नाही. एवढ्या बायका त्या गावात होऊन गेल्या, आणि आजीला सगळ्या पाठ होत्या. मी मोबाईल उंच धरून पाहिला, झाडापासून दूर नेऊन पाहिला. काही फरक नाही. आता म्हणावं की नेटवर्क नाही, उद्या ब्रह्मपुरीहून बघू, असं मनात आलं होतं.

आजी म्हणाली, ‘मैनी.’

या नावाला कोणीच काही बोललं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुसुमनं टाइप केलं आणि बटण दाबलं.

चक्र थांबलं. हिरवी खूण आली. खाली लिहून आलं, हा पत्ता उपलब्ध आहे.

कुसुमनं ते मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, ‘मैनी कोण, आजी?’

‘माही मोठी जाऊ,’ आजी म्हणाली. ‘तुमी कोणी पाह्यली नाई तिले. बाजारात टोपलं ठेवाची आन भाव आपण सांगाची. व्यापारी हासाचे. मंग ते टोपलं उचलून इथवर वापस आणाची, भरलं तसंच. पण त्यायच्या भावानं नाई देलं कधी.’

कुसुमनं बसलेल्या बायकांवर नजर फिरवली. एकेक बाई म्हणत गेली, हो. हो. हो. व्यापाऱ्याकडे बोलून आलेल्या दोघीही हो म्हणाल्या. शेवटी सगळ्या आजीकडं बघायला लागल्या.

आजी हो म्हणाली नाही. ती म्हणाली, ‘सरका थोडं. तिले बसाले जागा द्या.’

बायका सरकल्या. लॅपटॉपच्या समोर, चटईवर, एका माणसापुरती जागा झाली.

मी पंचवीस वर्षं कॉम्प्युटर शिकवते. नेटवर्क कसं येतं आणि कसं जातं, मला चांगलं माहीत आहे.

मीही सरकले.